वेशीचे चिरे

रस्त्याचे रुंदीकरण निघाले की गावची वेस आड येते आणि तिचे काय करावयाचे, हा प्रश्न पंचायतीपुढे उभा राहतो. लंडन शहरापुढे तो १८७८ साली उभा होता.

फ्लीट स्ट्रीट व स्ट्रँड हे रस्ते जेथे मिळतात तेथे ‘टेम्पल बार’ ही शहराची वेस होती. पोर्टलंडच्या फिकट चुनखडीत १६६९ ते १६७२ या काळात ती बांधली गेली. आराखडा सर क्रिस्टोफर रेन यांचा, असे परंपरा मानते. कमानीवर एक दालन आणि दोन्ही दर्शनी अंगांच्या कोनाड्यांत राजघराण्यातील चार व्यक्तींचे, जॉन बुशनेल या शिल्पकाराने घडविलेले पाषाणपुतळे. दोनशे वर्षांनंतर वाहनांची वर्दळ या कमानीत अडू लागली.

वेस पाडली गेली नाही, उतरविली गेली. या दोन क्रियापदांतील अंतर ध्यानी घेण्याजोगे आहे. चिऱ्यांवर क्रमांक घालून ते एकेक खाली घेतले गेले. अडीच हजारांवर दगड! पुढे मात्र निर्णय होईना, आणि ते सुमारे दहा वर्षे एका आवारात पडून राहिले. अशी आवारे श्रोत्यांपैकी अनेकांच्या परिचयाची असतील.

अखेर १८८७ साली सर हेन्री म्यूज या बिअर-उत्पादकाने, पत्नीच्या आग्रहावरून, ते विकत घेतले. हर्टफर्डशायरमधील थिओबाल्ड्स पार्क या त्यांच्या इस्टेटीचे प्रवेशद्वार म्हणून १८८८ साली वेस पुन्हा उभी राहिली. वरच्या दालनात लेडी म्यूज पाहुण्यांना मेजवान्या देत. सार्वजनिक वास्तू धनिकाच्या हौसेची वस्तू व्हावी, हे खटकते खरे. परंतु त्या हौसेवाचून ते पुतळे कोठे गेले असते? अर्थात हौस ही मालकापुरतीच टिकते. पुढे वेस झाडीत एकाकी पडली, झिजली, टवाळखोरांच्या हाती सापडली.

तिच्या परतीसाठी १९७६ साली एक न्यास स्थापन झाला. १९८४ मध्ये अवघ्या १ पौंडाला ती न्यासाकडे आली. खर्चाची तजवीज होण्यास मात्र आणखी वीस वर्षे लागली. पुन्हा चिरे उतरविले गेले आणि २००४ साली सेंट पॉल कॅथीड्रलशेजारी, पॅटरनॉस्टर चौकात, पुतळ्यांसह वेस उभी राहिली.

मूळ जागी १८८० सालचे स्मारक आहे, त्यावर पंखांचा ड्रॅगन. वाहने त्याच्या दोन्ही बाजूंनी जातात. वेशीखालून आता केवळ पादचारी जातात.