जुना बांध दाव्यात लिहा
(छत्रपती संभाजीनगर येथे वनहक्क मेळाव्यात केलेले भाषण)



कन्नड-सोयगावच्या डोंगरातून आपण इथं शहरात आलो आहोत, तर आधी पावसाचंच बोलू.

पाऊस कमी झाला एवढंच म्हणून भागत नाही. १९७२ चा दुष्काळ आपल्या म्हाताऱ्यांनी खडी फोडून काढला. पण ३१ ऑगस्ट २०२१ ला काय झालं? एका रात्रीत असा कोसळला की कन्नड घाटात दरडी आल्या, रस्ता बंद पडला, खाली चाळीसगावात पूर शिरला. आधी ओढ देतो, मग एकदम येतो. सपाटीवर ते पाणी साचतं, आपल्या उतारावरून माती घेऊन जातं. मुरमाड रानात वीतभर माती. ती गेली तर पेरायचं कशात?

जुने लोक डोंगरावर एका पिकाच्या भरवशावर नव्हते. बाजरीत तुरीचे तास, कडेला हुलगा, मटकी, अंबाडी. एक गेलं तर दुसरं घरात यायचं. पुढं कपाशी आणि मका आला. त्यातून पैसा आला, घरावर पत्रे आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २०१७ ला बोंडअळीनं कपाशी खाल्ली, २०१९ ला लष्करी अळी मक्यात शिरली. म्हणून थोड्या रानात तरी पुन्हा बाजरी-तूर घाला, घरचं बी राखा. हे काम बायांना जास्त कळतं.

माती धरायची तर दगडी बांध हवा, बांधावर सीताफळ, आंबा हवा. पण उद्या हुसकावतील अशा जमिनीवर दगड कोण वाहणार? २०१८ पासून मराठवाड्यात पोकरा योजना आली, हवामान बदलासाठीच. शेततळं, ठिबक, फळबाग. पण अर्जाला सातबारा लागतो. झळ उतारावर आणि योजना सातबाऱ्यावर, असा हा कारभार!

आता नीट ऐका. वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनची कसणूक धरतात. नियम १३ मध्ये पुरावा म्हणून घर, सपाटीकरण, बांध, बंधारे लिहिले आहेत. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. म्हणजे आज्यानं घातलेला बांध हाच आपला कागद. उपग्रहाच्या नकाशात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळत असतील तर २०१२ ची दुरुस्ती दाखवा: नकाशा जोडीला घ्यायचा, बाकी पुराव्यांच्या बदल्यात नाही. आणि पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून काढता येत नाही, कलम ४(५).

मात्र नवा बांध जुना म्हणून दाखवू नका. एकाच्या खोट्यापायी सगळ्या वाडीचे दावे संशयात येतात. नवी झाडतोडही नको. वरचं जंगल पाणी अडवतं, त्याचा सामूहिक दावा वेगळा टाकायचाच आहे.

पट्टा मिळालेल्यांनी नियम १६ धरून जमीन सुधारणेची कामं मागावीत. ते उपकार नाहीत, नियमात आहे.

येत्या ग्रामसभेआधी वनहक्क समितीनं म्हाताऱ्या माणसांना घेऊन प्रत्येक शेत फिरावं. बांध किती लांब, किती उंच, कुणी घातला, त्यावर कोणतं झाड, सगळं पंचनाम्यात लिहावं. शेजाऱ्यांच्या सह्या-अंगठे घ्यावेत. नवरा-बायको दोघांची नावं दाव्यात हवीत. बाई एकटी कसत असेल तर तिचं एकटीचं. एक प्रत स्वतःकडं ठेवा, आणि दावा दिला की पोच घेतल्याशिवाय उठू नका.