महाकाय मुशी आणि मुळांतील कृमी
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



मोठे ते भयंकर आणि लहान ते निरुपद्रवी, अशी समजूत मुलांच्या मनात सहज रुजते. ती दूर व्हावी म्हणून दोन प्राणी आज आपणांपुढे ठेवतो. एक समुद्रातील व्हेल शार्क; दुसरा शेतातील, मुळांवर गाठी आणणारा सूत्रकृमी.

व्हेल शार्क नावाने व्हेल असला तरी जातीने मासाच, मुशीच्या कुळातला. आणि साऱ्या माशांत मोठा. तो १२ मीटरांहूनही अधिक लांब वाढतो. अंगात हाड एकही नाही, सांगाडा कूर्चेचा. देह एवढा प्रचंड, पण आहार पाणी गाळून मिळणाऱ्या सूक्ष्म जीवांचा व लहान मासळीचा. सूत्रकृमीला हाडही नाही, कूर्चाही नाही. अंड्यातून निघालेले त्याचे पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही आखूड असते. तोंडातील सुईसारख्या अवयवाने ते मुळात शिरते, तेथील पेशींतील रस शोषते आणि मुळावर गाठ उठते.

आता संततीचा हिशेब पाहा. १९९५ साली तैवानजवळ सापडलेल्या एका व्हेल शार्क मादीच्या पोटात सुमारे ३०० पिल्ले होती. सूत्रकृमीची मादीही काही शेकडा अंडी घालते. आकडे जवळपास सारखे. परंतु शार्क वयात येण्यास कित्येक वर्षे लागतात, तर उबदार जमिनीत सूत्रकृमीची पिढी तीन-चार आठवड्यांत पुरी होते. म्हणूनच पहिला शिकारीने विरळ झाला व २००१ साली आपल्या देशात त्याला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. दुसरा मात्र वांगी, टोमॅटो, भेंडी, डाळिंब यांच्या मुळाशी निर्धास्त वाढतो.

हा पाठ फळ्यावरच संपवू नये. शाळेच्या बागेतील खुजे, पिवळे पडलेले वांग्याचे रोप हलकेच उपटून त्याची मुळे धुवावीत व शेजारी चवळीचे रोप ठेवावे. चवळीच्या उपकारक गाठी मुळाच्या कडेला चिकटलेल्या असून नखाने सुटतात. कृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले. ती सुटत नाही.

पीक पिवळे पडले की शेतकरी पाण्याला वा खताला दोष देतो. अशा वेळी एखाद्या मुलाने वडिलांना मूळ धुऊन दाखविले, तर पिकाची फेरपालट, उन्हाळी नांगरट, झेंडूची लागवड हे उपाय वेळीच सुचतील. वर्गातील विज्ञान शेताच्या बांधापर्यंत पोहोचले, तरच आपले शिकविणे सार्थकी लागले असे मी मानतो.