पस्तीस मागितले की एकोणतीस मिळतात

(१९८९ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात 'ड' तुकडीच्या वतीने केलेले भाषण)

व्यासपीठावरचे आपले सर्व गुरुजन, समोर पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या इंग्रजीच्या बाई, आणि अ पासून ड पर्यंतच्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "नंबर चुकला नाही ना?" शाळेच्या कार्यक्रमात माईक नेहमी अ तुकडीच्या हातात असायचा. आमच्या ड तुकडीकडे सतरंज्यांचं खातं होतं. कार्यक्रमाआधी अंथरायच्या, नंतर झटकून गुंडाळायच्या. आज सकाळी हॉलमध्ये आलो तेव्हाही सवयीने नजर कोपऱ्यात गेली. बघतो तर खुर्च्या! म्हटलं, चला, शाळा सुधारली.

दुपारच्या बैठकीत आपण शाळेच्या दहावीच्या मुलांसाठी काय करायचं ते ठरवणार आहोत. त्याआधी दहावीत मोठं ध्येय कसं ठेवावं यावर मी बोलावं, असं मला सांगण्यात आलं. मी गेली २८ वर्षं एका माध्यमिक शाळेत मराठी आणि भूगोल शिकवतो, म्हणून माझी निवड झाली असणार. पण मला बोलायचंय ते आधी एक नापास विद्यार्थी म्हणून. मार्च १९८९ च्या परीक्षेत मला इंग्रजीत २९ गुण होते. इथल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नसेल. जूनमध्ये निकाल लागला त्या दिवशी मी मागच्या फाटकाने बाहेर पडलो होतो.

तो काळ आठवा. बोर्डाची गुणवत्ता यादी वर्तमानपत्रात छापून यायची. पेढा भरवणारे आईवडील, शेजारी मुलगा किंवा मुलगी, खाली 'डॉक्टर होण्याचा मानस'. आपल्या शाळेलाही वाटायचं, एकदा तरी आपलं कुणी यादीत यावं. त्यासाठी अ तुकडीचे जादा तास सकाळी सातला सुरू व्हायचे. जून महिन्यातच प्रत्येकाकडून टक्के लिहून घेतले जायचे. कुणी ८५ लिहायचं, कुणी ९०. ते कागद मुख्याध्यापकांच्या खोलीत जायचे.

आमच्याकडून कुणी कागद घेतले नाहीत. आमच्या फळ्यावर कोपऱ्यात चौकोन करून एकच आकडा लिहिलेला असायचा, ३५. तो पुसायचा नाही, असा नियम होता. त्यामागे कुणाचा वाईट हेतू होता असं मी आजही म्हणणार नाही. शाळेचा निकाल सांभाळायचा होता, एका वर्गात पन्नासावर पोरं होती आणि आमचं इंग्रजी खरोखरच कच्चं होतं. मराठी माध्यमात तेव्हा एबीसीडीच पाचवीत सुरू व्हायची. पण वर्षभर तो चौकोन बघून एक गोष्ट आमच्या डोक्यात पक्की बसली. आपल्याकडून एवढंच अपेक्षित आहे. मग आम्ही काय केलं? ३५ गुणांपुरतं वाचलं. त्यातलं अर्धं पेपरात आलं नाही.

तुकडीतले जवळपास निम्मे नापास झाले. मी काकांच्या सायकल दुकानात पंक्चर काढायला बसलो. जुलैमध्ये एक दिवस बाई सायकल घेऊन दुकानात आल्या. हवा भरून झाल्यावर म्हणाल्या, "मार्चची प्रश्नपत्रिका आहे का रे घरी?" होती. दप्तराच्या कप्प्यात तशीच घडी करून ठेवलेली. "शनिवारी शाळा सुटल्यावर ती घेऊन ये."

शनिवारी सकाळची शाळा. साडेअकराला सगळं आवार रिकामं झालं आणि आम्ही दोघं पायऱ्यांवर बसलो. बाईंनी विचारलं, "ऑक्टोबरला किती हवेत?" मी म्हटलं, "पस्तीस." त्या म्हणाल्या, "पस्तीस मागशील तर एकोणतीस मिळतील. ते तुला मिळालेतच. साठ लिही."

मला हसू आलं. साठ म्हणजे फर्स्ट क्लास! आमच्या घराण्यात फर्स्ट क्लास फक्त रेल्वेच्या डब्यावर वाचलेला. पण लिहिलं. मग त्यांनी लाल पेन दिलं आणि सांगितलं, जे प्रश्न सोडवलेस त्यांच्यावर खूण कर, जे सोडलेस त्यांच्याभोवती गोल कर. मी गोल करत गेलो. पत्र सोडलं होतं. निबंध सोडला होता. न वाचलेल्या उताऱ्यावरचे प्रश्न सोडले होते. बाईंनी गोलांमधल्या गुणांची बेरीज करायला लावली, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी इंग्रजीत नापास झालो नव्हतो, मी जवळजवळ अर्धा पेपर दिलाच नव्हता. जो दिला होता त्यात मला बऱ्यापैकी गुण होते.

तिथून पुढे साठ हा शब्द बाईंनी फारसा उच्चारला नाही. पहिल्या आठवड्याचं काम एकच, पत्राचा मायना आणि शेवट न बघता लिहिणं. दुसऱ्या आठवड्यात पत्राचा मजकूर, पाच साधी वाक्यं. रोज पाच क्रियापदांची तीन रूपं, तीही दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधताना म्हणायची. काका विचारायचे, "हे गो-वेंट-गॉन काय लावलंयस?" शनिवारी बाई तपासायच्या. झालं नसेल तर रागावायच्या नाहीत. विचारायच्या, "कुठे अडलं?" आणि काम थोडं लहान करून परत द्यायच्या.

ऑक्टोबरला मला ४७ गुण मिळाले. साठ मिळाले नाहीत. मी बाईंना सांगायला गेलो तेव्हा मान खाली होती. त्या म्हणाल्या, "कोरं काय सोडलंस?" मी म्हटलं, "काही नाही." "मग मान वर कर." एवढंच बोलणं झालं.

मित्रहो, मला यातून जे समजलं ते असं. मोठं ध्येय गाठलं जाईलच असं नाही, पण त्याच्यामुळे आपण कामाचा आकार बदलतो. पस्तीस धरले असते तर मी पत्र आणि निबंध पुन्हा सोडूनच दिले असते, कारण त्यांच्यावाचून काठावर भागतं असा हिशेब असतो. साठ धरल्यावर काहीच सोडता येईना. आणि दुसरी गोष्ट, साठ हा आकडा एकटा कामाचा नव्हता. त्याच्या मागे ती लाल गोलांची प्रश्नपत्रिका होती, आठवड्याचं लहान काम होतं आणि शनिवारी विचारणारं माणूस होतं. यातलं एक जरी नसतं तरी साठ हा नुसता नवसच राहिला असता.

एवढं शिकूनही मी पुढे शिक्षक म्हणून चूक केलीच. ती आज सांगतो, कारण आपल्यापैकी बरेच जण आता आईवडील आहेत, काही जण तर आजीआजोबा झालेत.

दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक चांगला मुलगा होता. मला वाटलं, याच्याकडून नव्वद काढून घ्यायचे. मी वर्गात तक्ता लावला, प्रत्येकाचं नाव आणि समोर त्याचं लक्ष्य. त्याच्या नावापुढे ९० मीच लिहिले. त्याला विचारलं नाही. निकाल लागला, त्याला ८४ टक्के पडले. उत्तम गुण! पण आठ दिवस तो गुणपत्रिका न्यायला आला नाही. शेवटी वडील आले. म्हणाले, "सरांना तोंड कसं दाखवू, म्हणतो." त्या दिवशी मला शाळेचं मागचं फाटक आठवलं. मी २९ गुण घेऊन त्यातून बाहेर पडलो होतो, आणि हा पोरगा ८४ टक्के घेऊन तसाच लपत होता. ते मी केलं होतं. फळ्यावरचा ३५ आणि माझ्या तक्त्यावरचा ९०, दोन्ही आकडे मुलाला न विचारता लिहिलेले होते.

तक्ता मी त्याच दिवशी काढला. आता मुलं आपलं लक्ष्य आपल्या वहीत लिहितात. मला दाखवायचं की नाही हे त्यांच्यावर असतं. मी फक्त विचारतो, या आठवड्यात काय करणार?

आता टक्क्यांबद्दल थोडं. आजकाल नववीतलं पोर सुद्धा 'नाईन्टी प्लस' म्हणतं. म्हणू दे. पण त्या आकड्याचं वजन दरवर्षी सारखं नसतं. आपल्या राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० वर आला. २०२० साली ९५.३० झाला. आता सांगा, महाराष्ट्रातली मुलं एका वर्षात मठ्ठ झाली आणि पुढच्याच वर्षी हुशार? २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेने द्यायचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. शिवाय २०२० ला टाळेबंदीमुळे शेवटचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले. तो पेपर माझ्याच विषयाचा, भूगोलाचा! पोरं मला म्हणाली, "सर, तुमचा विषय सगळ्यांत सोपा गेला." २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला.

म्हणून घरी नातवंडं, मुलं असतील त्यांना टक्क्याचं लक्ष्य जरूर ठेवू द्या, पण त्याच्या शेजारी दुसरं एक लक्ष्य लिहायला सांगा, ज्याला मंडळाचा नियम बदलला तरी धक्का लागत नाही. नकाशा न बघता भरता येणं. भूमितीची सिद्धता पाठ न करता मांडता येणं. अनोळखी उतारा वाचून त्यावर चार वाक्यं लिहिता येणं. हे जमलं की नाही ते मुलाला स्वतःला कळतं, निकालाची वाट बघावी लागत नाही.

आता मला सगळ्यांत जास्त जे टोचतं ते सांगून थांबतो.

ड तुकडीत जे नापास झाले त्यांच्यापैकी ऑक्टोबरला फॉर्म भरला आम्ही सात जणांनी. बाकीच्यांना कुणी विचारलंच नाही. माझ्या दुकानात बाई आल्या, कारण सायकलची हवा कमी झाली होती, असं मी बरेच दिवस समजत होतो. मागच्या वर्षी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हवा मीच सोडली होती. तुला अवघड वाटू नये म्हणून." पण एकट्या बाई किती घरी जाणार? माझ्या शेजारच्या बाकावर एक मैत्रीण बसायची. तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर. गणितात चार गुण कमी पडले. दिवाळीच्या आधी ती परीक्षेला बसू शकली असती, दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. आजच्या मेळाव्याच्या यादीत तिचं नाव नाही, कारण तिचा पत्ता आपल्यापैकी कुणाकडेच नाही.

आज ऑक्टोबरची वारी राहिली नाही. २०१५ पासून दहावीला नापास झालेल्यांची फेरपरीक्षा निकालानंतर लगेच पावसाळ्यात होते आणि पास झालं की त्याच वर्षी अकरावीला जाता येतं. सोय झाली. पण फॉर्मची मुदत काही दिवसांचीच असते, आणि नापास झालेलं पोर ते दिवस घरात तोंड लपवून काढतं. तेव्हा कुणीतरी त्याच्या दारात जायला हवं.

म्हणून दुपारच्या बैठकीसाठी माझ्या दोन सूचना. पहिल्या तीन नंबरांना आपण बक्षिसं देतो ती चालू राहू देत, पण आणखी एक बक्षीस ठेवू, सहामाहीपासून बोर्डापर्यंत सर्वांत जास्त पुढे गेलेल्या मुलासाठी. दुसरी सूचना महत्त्वाची. निकालाच्या दिवशी शाळेकडून नापास मुलांची नावं घ्यायची आणि गावात राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने एकेका घरी जायचं. जाताना 'किती पडले' हे विचारायचं नाही. मार्चची प्रश्नपत्रिका मागायची, लाल पेन द्यायचं आणि फेरपरीक्षेचा फॉर्म भरूनच परत यायचं. पहिलं नाव माझं लिहा.

बाई, तुमचे तेरा गुण माझ्याकडे अजून बाकी आहेत. साठ म्हणून सत्तेचाळीस दिले. निकालाच्या दिवशी जाऊन जाऊन ते फेडीन म्हणतो.