स्टॉक उणे ३: गेटर-सेटर कशासाठी?

आज बोलूया गेटर आणि सेटरबद्दल.

पहिल्या नोकरीत मी पायथॉनमध्ये गोदामाचा हिशेब लिहिला होता. वस्तूच्या क्लासमध्ये 'स्टॉक' हे साधं व्हेरिएबल. कुठूनही वाचा, कुठूनही बदला. एका सकाळी स्क्रीनवर दिसलं: स्टॉक उणे ३! माल गोदामात पडून होता आणि अॅप गिऱ्हाइकांना 'संपलं' सांगत होतं. स्टॉक बदलणाऱ्या ओळी कोडभर विखुरलेल्या. चोर शोधायचा कुठे?

सीनियर म्हणाली, "प्रॉपर्टी कर ना त्याची." खरा आकडा अंडरस्कोर लावलेल्या नावात ठेवला. आता वाचताना गेटर चालतो, बदलताना सेटर. सेटरमध्ये अट एकच: आकडा शून्याखाली गेला की व्हॅल्यूएरर. बाकीच्या कोडला हातही लावला नाही. संध्याकाळी एररनेच बोट दाखवलं: ऑर्डर रद्द झाल्यावर स्टॉक वाढवायच्या ऐवजी मी वजा करत होतो. चोर मीच!

एक खड्डा सांगतो. सेटरच्या आत पुन्हा 'स्टॉक'लाच किंमत दिलीत, तर तो स्वतःलाच बोलावत बसतो आणि रिकर्शनएरर येते. अंडरस्कोरवालंच नाव वापरा. आणि हो, पायथॉनमध्ये अंडरस्कोर म्हणजे कुलूप नाही, नुसती 'आत येऊ नये' अशी पाटी.

म्हणून सगळीकडे प्रॉपर्टी लावत सुटू नका. साधं व्हेरिएबल ठेवा, अट आली की बदला. जावात मात्र असं नंतर बदललं, तर वापरणारा सगळा कोड बदलावा लागतो. म्हणून तिथे लोक आधीपासूनच गेटर-सेटर लिहितात.

तुमच्या कोडमध्ये उणे होऊच नये असा आकडा कुठला? आज बघा. भेटू पुढच्या भागात!