पहारेकऱ्यालाही जाब हवा



गावाने आपले रक्षण आपणच करावे, ही कल्पना सातारा-सांगलीच्या मातीला नवी नाही. १९४३ ते १९४६ या काळात या दोन्ही जिल्ह्यांच्या भूमीवर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे होते. कुंडलच्या जी. डी. बापू लाड यांच्यासारख्या तरुणांच्या तुफान सेनेने दरोडेखोरांचा बंदोबस्त केला. न्यायदान मंडळांनी गावचे तंटे गावातच मिटवले. त्या काळच्या काही शिक्षा क्रूर होत्या. त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु निवाडा गावासमोर होई आणि निवाडा करणारे कोण, हे गावाला ठाऊक असे.

आज पहाऱ्याची साधने पालटली आहेत. चौकात लोकवर्गणीतून कॅमेरे बसतात. व्हॉट्सॲपवरून खबर क्षणात घरोघर पोहोचते. त्याने चोराचा माग लागतो, वस्तीवर एकट्या राहणाऱ्या म्हातारीला धीर येतो. हे मान्यच आहे. परंतु खबर खोटी निघाली, तर जाब कोणाला विचारावयाचा?

सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील लवंगा येथे, पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने काठ्यांनी झोडपले. चौकशीअंती ते निर्दोष ठरले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात तर अशाच अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले. दोन्ही ठिकाणी ना फिर्यादी होता, ना पंच. संशयितांचे म्हणणे ऐकून घेण्याइतकी सबुरीही नव्हती. १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का अद्याप मनातून पुसला गेलेला नाही. म्हणूनच गावाचा पहारा प्रथम परक्यावर आणि गरिबावर रोखला जातो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो हक्क गावच्या वेशीबाहेर थांबत नाही. तेव्हा कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडावेत. कॅमेऱ्यातील चित्रण किती दिवस ठेवावयाचे व कोणी पाहावयाचे, हे ग्रामसभाच ठरवील. शहानिशा झाल्यावाचून कोणतीही खबर पुढे धाडली जाणार नाही. संशयितावर कोणी हात टाकणार नाही. त्याला पोलिसांच्या स्वाधीन केले जाईल.

लोकांचा पहारा लोकांनाच उत्तर देणारा असेल, तरच ते लोकांचे राज्य. एरवी तो केवळ जमाव होय.