धाब्याच्या घरातली ओल आणि पोत्यातलं धान्य



मेहरूणला एका धाब्याच्या घरात ज्वारीच्या पोत्यांना बुरशी धरलेली पाहिली. धाबं गळत नव्हतं. मातीच्या भिंतीला हौसेनं सिमेंटचा गिलावा केला होता! माती ओल शोषते, तशी हवेत सोडतेही. सिमेंटनं ती वाट बंद होते. म्हणून गिलावा माती-शेणाचाच ठेवा.

मृगाआधी धाब्यावर खारी माती पसरून चोपून घ्या. दर १० फुटांस ३ इंच उतार द्या, पन्हाळ भिंतीपासून फूटभर पुढं काढा. छताखाली समोरासमोर दोन झरोके, जाळी लावून. उघडीप असताना उघडायचे, झडीत बंद. चोराच्या भीतीनं ते बुजवू मात्र नका.

पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा. आणि दाणा दाताखाली कट्कन फुटेल इतका वाळल्याशिवाय पोतं शिवू नका.