कणगीतलं लोह

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा, ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेला मजकूर)



पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नाव ‘अँटिऑक्सिडंट आणि आपलं आरोग्य’ असं छापलं आहे. नाव मीच कळवलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. आत येताना दाराशी एका गृहस्थांनी गाठलं. म्हणाले, “डॉक्टर, शेवटी गोळी कोणती घ्यायची तेवढं सांगा, बाकीचं आम्ही मोबाइलवर ऐकलंय.” सांगतो. पण सुरुवात बाजरीच्या पिठापासून करू द्या.

आपल्याकडे बाजरी दळायची ती आठवड्यापुरती. महिन्याचं दळण एकदम कुणी आणत नाही, आणि का आणत नाही हे समोर बसलेल्या आयाबायांना मी सांगायला नको. पीठ कडू होतं. बाजरीच्या दाण्यात तेल जास्त. दाणा अखंड असतो तोवर ते तेल आपल्या जागी गप बसतं. गिरणीत दाणा फुटला की तेलाला दाण्यातलीच एन्झाइमं भिडतात, वरून हवेतला प्राणवायू लागतो, आणि उन्हाळ्यात तर आठ-दहा दिवसांत त्या पिठाची भाकरी तोंडात धरवत नाही. शेंगदाण्याचं असं झालं की आपण खवट म्हणतो, विळ्याला लागलं की गंज म्हणतो. शेवटी हा सगळा प्राणवायूचाच उद्योग, आणि रसायनशास्त्रात त्याला ऑक्सिडीकरण म्हणतात.

हाच उद्योग आपल्या अंगातही अहोरात्र चालू असतो. खाल्लेलं अन्न पेशीत प्राणवायूवर जळतं तेव्हा बहुतेक प्राणवायूचं पाणी होतं, पण थोडा अर्धवट राहून ठिणगीसारखा उडतो. या ठिणग्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. १९५६ साली डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं, की म्हातारपण म्हणजे या ठिणग्यांनी वर्षानुवर्षं पाडलेली भोकं. कल्पना इतकी सोपी आणि देखणी होती की व्यापाऱ्यांना पुढचं सुचायला वेळ लागला नाही: ठिणगी विझवणारा पदार्थ, म्हणजे अँटिऑक्सिडंट, बाटलीत भरायचा आणि विकायचा.

जाहिरातीत एक गोष्ट कधी येत नाही. चूल पेटवणाऱ्या बाईने शेजारी पाण्याची घागर आधीच ठेवलेली असते. शरीर स्वतःची एन्झाइमं तयार करतं. त्यातलं सुपरऑक्साइड डिसम्यूटेज १९६९ साली ओळखलं गेलं, कॅटलेज त्याच्याही आधीपासून माहीत होतं, शिवाय ग्लुटाथायोन आहे. जीवनसत्त्व क आणि ई अन्नातून येतात आणि या राखणदारांना हात देतात. दुसरं असं, की सगळ्या ठिणग्या काही शत्रूच्या नसतात. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्या याच ठिणग्या वापरून.

आता माझ्या मामांच्या कपाटाची गोष्ट. मामा पाथर्डी तालुक्यातले, वय सत्तरीच्या पुढे. तीनेक वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयात कुठल्याशा साखळीवाल्यांची सभा झाली. तिथे जांभळ्या रंगाच्या रसाची बाटली मिळाली, एक घेतली की दुसऱ्या दोघांना विकायची. मामांनी अठराशे रुपये मोजले. गुडघ्यापासून साखरेपर्यंत सगळ्यावर इलाज, आणि लेबलवर मोठ्या अक्षरांत अँटिऑक्सिडंटचा कसलासा आकडा. मी गेलो तेव्हा मामांनी ती बाटली कौतुकाने काढून दाखवली. त्याच फळीवर मागे एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात लाल गोळ्यांची पाकिटं, न फोडलेली. आशाताईंनी मामींसाठी फुकट आणून दिलेल्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या. मामी मामांहून बऱ्याच लहान; तेव्हा त्यांचं हिमोग्लोबिन साडेआठ होतं. “खाल्ल्या की मळमळतं, शी काळी होते, म्हणून ठेवल्या,” त्या म्हणाल्या. एका फळीवर गरज नसलेली अठराशेची बाटली आणि गरज असलेली फुकटची गोळी. मला आज जे सांगायचं आहे ते सगळं त्या फळीवर आहे.

लेबलवरच्या त्या आकड्याबद्दल एवढंच सांगतो, की अशा आकड्यांचा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली स्वतःच्या संकेतस्थळावरून काढून टाकला. परीक्षानळीत ठिणग्या विझतात म्हणून पोटात गेल्यावरही विझतील असं नाही, आणि पूरक गोळ्या विकणारे तो तक्ता वाटेल तसा वापरत होते.

मग माणसांवर कुणी करून पाहिलं की नाही? पाहिलं. भाजीपाला भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, आणि भाजीत बीटा-कॅरोटीन असतं. मग ते गोळीतून द्यावं, असा सरळ हिशेब होता. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणारे २९,१३३ पुरुष निवडले. काहींना बीटा-कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसतीच गोळी. १९९४ साली निकाल लागला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. डोळे चोळून पाहावं असा निकाल. अमेरिकेत १८,३१४ जणांवर तसाच प्रयोग चालू होता, तिथे बीटा-कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही होतं. वाढ २८ टक्के निघाली आणि १९९६च्या जानेवारीत तो मुदतीआधीच थांबवावा लागला. ई जीवनसत्त्वाचा नंबर पुढे लागला: ३५,५३३ पुरुषांवरच्या प्रयोगात, २०११ साली जाहीर झाल्याप्रमाणे, ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त होता.

जिमला जाणाऱ्या तरुणांसाठी एक वेगळं सांगतो. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी तरुण पोरांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. निम्म्यांना रोज क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारायला हवा. तो गोळ्या न घेणाऱ्यांचाच सुधारला. व्यायामात उडालेली ठिणगी हाच शरीराला निरोप असतो, की बाबा, आता तयारीला लाग. आम्ही तो निरोप्याच वाटेत अडवला.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग सगळ्या गोळ्या फेकूनच द्याव्यात. थांबा. तसं म्हणणारा माणूसही मला आवडत नाही, कारण त्याच्या बोलण्याने मामींचा डबा बंदच राहतो.

आता आपल्या जिल्ह्यात या. नाव हल्ली अहिल्यानगर झालं. शोधनिबंधात तुम्हाला अहमदनगरच सापडेल. २०१५ साली एका अमेरिकन पोषणशास्त्राच्या नियतकालिकात आपल्याच जिल्ह्यातल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. औषध काय, तर बाजरी. एका गटाला लोह जास्त असलेल्या बाजरीची भाकरी, अधूनमधून शेव, दिवसातून दोन वेळा, सहा महिने. त्या पिठात किलोमागे ८६ मिलिग्रॅम लोह होतं. दुसऱ्या गटाला नेहमीची बाजरी, तिच्यात २१ ते ५२. भाकरीची चव तीच, ताटही तेच. चार महिन्यांत पहिल्या गटातल्या मुलांच्या रक्तातलं फेरिटीन, म्हणजे लोहाच्या साठ्याची खूण, वाढलेलं दिसलं. आणि सुरुवातीलाच ज्यांच्या अंगात लोह कमी होतं, त्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटापेक्षा १.६४ पट होती. ज्यांचं आधीच भरलेलं होतं त्यांना फारसा फरक पडला नाही. माझ्या मते या प्रयोगातलं सोनं ते हेच शेवटचं वाक्य आहे.

लोहयुक्त बाजरीचं पहिलं वाण म्हणजे ‘धनशक्ती’. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने राहुरीच्या आपल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाबरोबर ते आणलं आणि २०१२ साली महाराष्ट्रात दिलं. यात जनुकं बदललेली नाहीत. चांगली कणसं निवडत जायचं, आपले आजोबा करत तेच, फक्त दाण्यातलं लोह मोजून. पुढे २०१८ साली नव्या बाजरीच्या वाणात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह असलंच पाहिजे, असा देशभराचा दंडकच झाला.

फेरिटीन म्हणजे काय, ते कणगीवरून समजेल. आपण सगळी बाजरी काही उघड्या अंगणात ठेवत नाही. उंदीर लागतात, ओल लागते. कणगीत भरतो, तोंड लिंपतो, लागेल तशी काढतो. लोहाचं तसंच. लोहाशिवाय रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, पण मोकळं सुटलेलं लोह अंगात स्वतःच ठिणग्या पाडत सुटतं; गंजण्याचाच तो धर्म. म्हणून शरीर त्याला फेरिटीन नावाच्या प्रथिनाच्या पोटात कोंडून ठेवतं. एका फेरिटीनच्या कणगीत लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. हिमोग्लोबिन म्हणजे आज परातीत किती पीठ आहे, आणि फेरिटीन म्हणजे कणगीत किती दाणा उरलाय. परात भरलेली दिसते तेव्हाही कणगी तळाला गेलेली असू शकते. आणि कणगी भरलेली असताना वर ओतत राहिलं तर दाणे अंगणभर सांडतात. म्हणून धडधाकट पुरुषाने ‘ताकदीसाठी’ लोहाच्या गोळ्या खाऊ नयेत.

कणगी कुणाची रिकामी आहे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्क्यांना रक्तक्षय होता. त्याआधीच्या पाहणीत तो आकडा ४८ होता. म्हणजे बाटल्यांचा बाजार वाढत होता त्याच काळात बायकांचं रक्त उतरत होतं. सगळाच रक्तक्षय लोहामुळे होतो असं नाही, पण मोठा वाटा त्याचा. जामखेडला १९७० साली आलेल्या डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं, तेव्हा त्यांनाही आधी ताटच बघायला लागलं. आरोळ्यांना १९७९ साली मॅगसेसे मिळालं; त्यात त्या बायकांचा वाटा मोठा होता, असं मी मानतो.

बाजरीत लोह असतं तसं फायटेटही असतं, आणि ते लोहाला धरून ठेवतं. त्याच्या तावडीतून लोह सोडवायला क जीवनसत्त्व लागतं. म्हणजे श्रीगोंद्याचं लिंबू. बागा आपल्या आणि राहुरीने काढलेलं ‘साई सरबती’ वाणही आपलं, पण लिंबू गाडीत बसून मुंबईला जातं आणि आपल्या भाकरीशेजारी येत नाही. मेथीच्या भाजीवर फोड पिळा, राहात्याचा पेरू जेवणाबरोबर खा, हंगामात आवळा. इथे क जीवनसत्त्व नुसतं ठिणग्या विझवत नाही, लोहाला रक्तात शिरायची वाट करून देतं. आणि हे ताटातच घडावं लागतं, त्याच घासाला.

उलट बाजूने, जेवणावर लगेच घेतलेला चहा. चहातली पॉलिफेनॉलं लोहाला जखडतात. ज्या पॉलिफेनॉलांच्या नावाने ग्रीन टीचे डबे अँटिऑक्सिडंट म्हणून विकले जातात, तीच ही. हा विनोद मी गेली पंधरा वर्षं सांगतोय, अजून कुणी हसलेलं नाही.

गृहस्थांचा प्रश्न मी विसरलेलो नाही. गोळ्या ज्यांना हव्यात त्यांना हव्यातच. गर्भ राहायच्या आधीपासून फॉलिक ॲसिड: १९९१च्या ब्रिटिश प्रयोगात, ज्यांचं आधीचं मूल मज्जारज्जूच्या व्यंगाचं होतं अशा आयांमध्ये, ते व्यंग पुन्हा येण्याचं प्रमाण त्याने ७२ टक्क्यांनी घटलं. किशोरवयीन मुलींना शाळेत मिळणारी आठवड्याची लोह-फॉलिक ॲसिडची निळी गोळी. आणि माळकरी घरांनी लक्षात ठेवावं ते बी-१२. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी १९९३पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांच्या मागावर आहेत. गरोदरपणात फॉलेट भरपूर आणि बी-१२ कमी, अशा आयांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त दिसली. बी-१२ पालेभाजीत नसतं. दूध-दह्यात थोडं, मांस-अंड्यात जास्त. माळ घातली असेल तर रक्त तपासून गोळी घ्यावी, त्याने माळेला काही बाधा येत नाही. पण तपासून. बाटलीवर बावीस घटकांची यादी आहे म्हणून नको.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेत. २०२०च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घरची माणसं वारंवार आजारी का पडतात, या साध्या विचारातून त्यांनी गावरान वाल, भात, भाज्या यांचं बी राखायला घेतलं. शाळेत न गेलेल्या बाईने रंगीबेरंगी ताटाचं महत्त्व ओळखलं. जांभूळ, करवंद, काळपट वाल यांच्या रंगात काय असतं ते आम्ही नंतर मोजलं. मात्र तिथेही मी सावध करीन: जांभूळ चांगलं आहे म्हणून जांभळाची पावडर तेवढीच चांगली, हा तोच फिनलंडचा हिशेब आहे.

मामींचं सांगायचं राहिलं. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची, बरोबर लिंबूपाणी, चहा सकाळचा सकाळीच. काळी शी म्हणजे गोळीतलं न शोषलेलं लोह, भिऊ नका, एवढं समजावलं. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. मामांची बाटली अजून कपाटात आहे, अर्धी.

बाहेर चहाची व्यवस्था केली आहे, असं कार्यवाहांनी चिठ्ठीवर लिहून पाठवलंय. जे घरून जेवून आले असतील, त्यांनी तासभर थांबून घ्यावा. तोवर मी प्रश्नांना उत्तरं द्यायला इथेच आहे.